मातेवालाची खुर्ची

माझ्या ओळखीत स्वतःची गाडी नसलेला, पण जगातल्या गाड्यांच्या चार्जिंगची काळजी वाहणारा एकच माणूस आहे. टिपणीसकाका. सिंगापुरात सेरंगूनला आमच्याच मजल्यावर राहतात. लिफ्टमध्ये भेटले की 'कसा आहेस' वगैरे नाही. डोळ्यांत बघून थेट विचारतात, "किती टक्के?"

पहिल्यांदा मला वाटलं, पगारवाढीबद्दल विचारतायत. मी लाजत "तीन" म्हणालो. काका दचकले. "तीन? आणि तसाच फिरतोयस? आधी घरी चल, काहीतरी खाऊन घे." आमची ओळख काकूंच्या हातच्या थालीपिठावर झाली ती अशी.

वीस टक्क्यांच्या खाली जायचं नाही, हा त्यांचा नियम. फोन, एमआरटी मेट्रोचं कार्ड, पाण्याची बाटली, माणसाचं पोट, सगळ्यांना लागू. बेडोकला कोणाकडे सत्यनारायणाला निघाले तरी पिशवीत चिवडा, थर्मास, छत्री आणि एक जादा शर्ट. काकू वैतागतात, "अहो, बेडोकला चाललोय, काशीला नाही!" काका शांतपणे म्हणतात, "आणि मध्ये काही मिळालं नाही तर?" अख्ख्या सिंगापुरात काही खायला मिळणार नाही अशी जागा मला तरी अजून सापडलेली नाही.

खाली कारपार्कात एक चिनी आजोबा आपली इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून आत डुलकी काढतात. काकांनी एकदा काच वाजवून त्यांना उठवलं. "अंकल, एटी पर्सेंट इनफ. लेट अदर पीपल चार्ज लाह." आजोबांनी विचारलं, "यू गॉट कार ऑर नॉट?" काका म्हणाले, "नो." आजोबांनी काच वर केली आणि पुन्हा डोळे मिटले.

या वेडाचं मूळ मेक्सिकोत आहे. काकांची एकुलती एक मुलगी केतकी तिथे केरेतारो नावाच्या शहरात इंजिनियर आहे, आणि तिची गाडी इलेक्ट्रिक. अधूनमधून शुक्रवारी ऑफिस सुटलं की ती मॉन्तेरेला मैत्रिणींकडे निघते. रस्ता लांबलचक आणि ओसाड, चार्जर मोजके. म्हणून रात्र वाटेतल्या मातेवाला नावाच्या गावी काढते. तिथल्या हॉटेलात एकच चार्जर आहे. तिथली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे इथली शनिवारची सकाळ, त्यामुळे शनिवारी काका हॉकर सेंटर नावाच्या इथल्या खाऊगल्लीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसतात आणि फोनवर चार्जरचा नकाशा उघडतात. हिरवा ठिपका म्हणजे चालू, करडा म्हणजे बंद. मातेवालाचा ठिपका हिरवा असला की कोपीत साखर लागते, नाहीतर नाही.

काका नुसतं बघत बसले असते तर प्रश्न नव्हता. पण त्यांनी फोनवरच्या फोनवर कामापुरतं स्पॅनिश शिकून घेतलं आणि त्या हॉटेलात फोन करायला सुरुवात केली. तिथे काउंटरवर लुपिता नावाच्या बाई असतात. "बुएनास तार्देस, लुपिताबाई," अशी सुरुवात. मग चार्जरची चौकशी, मग त्यांच्या गुडघ्यांची. काकू मला म्हणायच्या, "घरात 'हं' पलीकडे शब्द नाही, आणि त्या बाईशी बघ कसे पोपटासारखे बोलतायत."

इथे हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात ज्यांचं बालपण गेलं, त्या काकांना हे कोणी शिकवावं लागलं नाही. एका शनिवारी त्यांनी सिंगापुरात बसून मातेवालाची जागा धरली. लुपिताबाईंना सांगून चार्जरसमोर खुर्ची ठेवायला लावली आणि खुर्चीवर केतकीच्या नावाचा पुठ्ठा. केतकी पोचली तेव्हा एक कुटुंब दोन लहान मुलांसकट त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ताटकळत उभं होतं. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, मी काय दहावीला आहे का?" तिने फोनवर काकांना झोड झोड झोडलं. "यापुढे हॉटेलात एकही फोन केलास तर मी निघताना तुला सांगणारच नाही." शेवटी तह झाला. ती फक्त 'निघाले' आणि 'पोचले' कळवेल, बाकी काकांनी काही करायचं नाही. काकांनी शब्द दिला. त्यानंतर ते थोडे बारीकच झाले.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी 'निघाले' आलं. मी, काका, काकू हॉकर सेंटरमध्ये बसलो होतो. थोड्या वेळाने मातेवालाचा ठिपका करडा झाला. काकांनी केतकीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पोचायची वेळ येऊन गेली तरी 'पोचले' नाही. कोपीवर साय धरली.

"करा त्या लुपिताला फोन," काकू म्हणाल्या. "केतकी चिडली तर चिडू दे, मी बघते तिच्याकडे."

"शब्द दिलाय," काका म्हणाले. "आज मोडला तर पुढच्या वेळी 'निघाले'सुद्धा येणार नाही. मग मी कुठे बघत बसू?"

"मी करतो," मी म्हणालो.

"तू केलास काय नि मी केला काय, एकच ते."

काका तसेच बसून राहिले. टेबलावरचं टिश्यूचं पाकीट या हातातून त्या हातात. मला त्यांच्याकडे बघवेना. एरवी ज्यांची मी यथेच्छ टिंगल करतो, त्या माणसासाठी मीही माझ्या फोनवर तो नकाशा उघडला.

तेवढ्यात फोन वाजला. लुपिताबाई! मोडक्या इंग्रजीत एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की शेजारच्या टेबलालाही ऐकू गेलं. "सेन्योर! युअर गर्ल अराइव्ह! शी इज ईटिंग सूप!"

काका "ग्रासियास, ग्रासियास" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर आम्हाला बजावलं, "केतकीला यातलं काही कळता कामा नये. नाहीतर त्या बाईंवर उखडेल."

थोड्या वेळाने केतकीचा फोन आला. "बाबा, पोचले."

"हो का?" काकांनी जमेल तितका आश्चर्याचा सूर लावला. "मला वाटलं अजून रस्त्यातच असशील. बरं बरं. सूप गार व्हायच्या आत संपव."

काकूंनी कपाळावर हात मारला. मग केतकी हसायलाच लागली.

"बाबा, लुपिताबाईंना मीच सांगितलं फोन करायला. माझा फोन बंद पडला होता. म्हटलं, माझ्या बाबाला कळव, तो तिथे जीव टांगून बसला असेल. तुझा नंबर तर त्यांना पाठच आहे. चार्जर बंद होता, पण स्वयंपाकघराच्या प्लगवर गाडी लावून दिली त्यांनी. तुझी ती खुर्चीही आहे इथे. तिच्यावरच बसून सूप पितेय."

काकांनी टिश्यूचं पाकीट उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, जागा धरण्याऐवजी, त्यातल्या टिश्यूने डोळे पुसले. मग उठून तिघांसाठी गरम कोपी घेऊन आले, साखर घालून.

"काका," मी म्हटलं, "गाडी किती टक्के झाली?"

काकांनी तोंडाकडे नेलेला कप खाली ठेवला.

"अरे," ते म्हणाले, "विचारायचं राहूनच गेलं की."