डिफेनबाखियाचं पान

रेकॉर्ड विभागाच्या हेडक्लार्कला लेबल नसलेली वस्तू बघवत नाही. त्यात त्याच्याच बाल्कनीतल्या एका झाडाला बायको सदाफुली म्हणे, शेजारीण तिच्या भाषेत बारमासी, आणि नर्सरीवाला विंका. "शास्त्रीय नाव जगात एकच असतं. कॅथरँथस रोझियस!" असं जाहीर करून त्यानं एका रविवारी अकरा कुंड्यांची डावीकडून उजवीकडे यादी केली. (झाडं बायकोनं ओळखली, त्याला सगळं नुसतं हिरवं दिसतं.) आठवडाभर ऑफिसात बसून पाट्या रंगवल्या आणि पुढच्या रविवारी, बायको बाजारात गेल्यावर, अनुक्रमांकानं खोचल्या.

थोड्या वेळानं सासूबाई बाल्कनीतून आत आल्या. महिन्यासाठी आलेल्या, दुसरा महिना चालू, खोकल्यानं बेजार. गाल हलवत खुर्चीत बसल्या.

"आई, काय खाताय?"

सासूबाईंनी नुसतं बाल्कनीकडे बोट दाखवलं. चौथ्या कुंडीतली दोन पानं ताजी खुडलेली होती. पाटीवर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'डिफेनबाखिया'.

त्यानं झाडांचं पुस्तक उघडलं. इंग्रजीत याचं घरगुती नाव म्हणे 'मुकं करणारा वेत'. पान चावलं की जीभ सुजते, वाचा बसते. घसा सुजला तर श्वासही कोंडतो. हेडक्लार्क पुस्तक टाकून खुर्चीकडे धावला.

"आई, काहीतरी बोला!"

सासूबाई बोलल्या नाहीत. लग्नाला बारा वर्षं झाली, असं आजवर घडलं नव्हतं. (या शांततेसाठी त्यानं किती वेळा देवाला हात जोडले होते! आता ऐकलंन, तर नको झालं.) त्यानं दवाखान्यात फोन लावला.

"घरात डिफेनबाखिया आहे हो!"

"केव्हापासून?" कंपाउंडरनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"मग आजच एवढी घाई कसली? डॉक्टर अकरानंतर येतील."

आता बायकोला काय तोंड दाखवायचं? तुझी आई माझ्या डोळ्यांदेखत गेली, पण पाटी मात्र सुबक होती, असं सांगायचं? त्यानं सासूबाईंचे पायच धरले.

"आई, माफ करा! तुम्ही कधी जाल म्हणून मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. तुमची बॅगसुद्धा मीच दाराजवळ नेऊन ठेवली. पण अशा नका हो जाऊ!"

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात दार उघडून बायको आली. त्यानं रडत रडत कुंडी दाखवली.

"अहो, हा पानओवा! आई खोकल्यावर रोज चघळते. दर रविवारी सकाळी मी डावीकडची कुंडी उचलून उजव्या टोकाला ठेवते, सगळ्यांना ऊन मिळावं म्हणून. आजही ठेवली, म्हणून तुमच्या अकराच्या अकरा पाट्या एकेक घर चुकल्यात."

"मग आई बोलत का नाहीत?"

"पान तोंडात असताना बोललं की तिला उबळ येते."

हेडक्लार्कच्या जिवात जीव आला. तेवढ्यात सासूबाईंनी पान गिळलं, डोळे पुसले आणि घसा खाकरला. आवाज अगदी ठणठणीत होता.

"जावईबापू, त्या कॅलेंडरवरच्या खुणांचं जरा नीट सांगा."

बायकोनं पिशवी खाली ठेवली. "कसल्या खुणा?"

हेडक्लार्कनं तोंड उघडलं. पान न चावताच त्याची वाचा बसली होती.