पन्नास हजार वेळा पाहिलेली मुलगी

मनुबाईच्या मालूचं लग्न नव्व्याण्णवच्या मे महिन्यात झालं. हळदीचा मांडव उतरला नव्हता तोच शेजारच्या रंगूबाईंनी आपल्या तानाजीसाठी मुली बघायला घेतल्या. कोपरीच्या त्या चाळीत दोघींच्या मध्ये एक भिंत होती आणि दोन घरांत मिळून एक फोन होता. तो मनुबाईने मासळीच्या धंद्यासाठी घेतलेला. तानाजी आपला नंबर म्हणून तोच देत असे, पुढे 'पी.पी. मनुबाई' असं लिहून. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला, अशी ती सोय होती.

पहिलंच स्थळ ठाकुर्लीचं निघालं. महिपतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी शेवंती. बघण्याच्या दिवशी तानाजीने पोह्यांकडे बघितलं, चहाकडे बघितलं, महिपतरावांच्या निरोप समारंभाच्या फोटोकडे बघितलं. शेवंतीचे फक्त पाय दिसले आणि "अजून देऊ का?" एवढं ऐकू आलं. तेवढ्यावर तो गार झाला.

ते लोक गेल्यावर शेवंती म्हणाली, "बाबा, मुलगा बरा वाटला. पण त्याने माझ्याकडे बघितलं तरी का?"

"तेच म्हणतो मी. लाजरा आहे की बावळट, काही कळेना. रविवारपर्यंत विचार करू आणि फोन करून टाकू."

तेव्हा तानाजीच्या जिवाला एकच घोर होता: मनुबाईकडे ठाकुर्लीहून फोन येतो की नाही.

तानाजी डोंबिवलीत भाऊंकडे कामाला होता. भाऊंनी आधी व्हिडिओ लायब्ररी काढली, मग एसटीडी बूथ काढला, मग कॉम्प्युटर क्लास काढला. लोक एखाद्या धंद्याला कंटाळायला लागले की भाऊ त्यात उतरत. आता त्यांना वेबसाईट काढायची होती, लग्नं जुळवण्याची. अडचण एवढीच की त्यांच्याकडे स्थळं नव्हती.

"दुसऱ्यांकडे आहेत ना?" भाऊ म्हणाले. "मग आपण नव्याने कशाला गोळा करायची? आणायची."

त्यासाठी तानाजीने इंटरनेटवरून एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता. भाऊ त्याला 'गडी' म्हणत. गड्याला एक पान दाखवायचं. तो ते वाचणार, त्यातला हवा तो मजकूर खरवडून आणणार, त्या पानावरून ज्या दुसऱ्या पानांचा रस्ता निघतो तिकडे जाणार, आणि असं दारोदार फिरत राहणार. गड्याबरोबर 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असे चार कागद आले होते. तानाजी ते मोठ्याने मराठीत सांगू लागला.

"प्रश्न: एका पानानंतर दुसरं पान किती वेळाने मागावं? उत्तर: मध्ये थोडं थांबावं, समोरच्याच्या मशीनवर भार येऊ देऊ नये."

"थांबायचं कशाला? आपण काय पाहुणे आहोत? काढ ते."

"प्रश्न: समोरच्याने आत येऊ नका अशी सूचना लावली असेल तर? उत्तर: मान द्यावा."

"आपल्या क्लासमध्ये थुंकू नका अशी पाटी आहे. कोण मान देतं? पुढे."

"प्रश्न: आपली ओळख द्यावी का? उत्तर: अवश्य. गड्याच्या नावात आपलं नाव आणि फोन नंबर घालावा, म्हणजे तक्रार असल्यास समोरचा संपर्क करू शकेल."

भाऊ एवढ्यावर मात्र गंभीर झाले. "हे सभ्यपणाचं आहे. घाल. पण माझा नंबर नको. तुझा घाल."

तानाजीने आपलं नाव घातलं, मनुबाईचा नंबर घातला आणि सवयीने 'पी.पी. मनुबाई' हेही घातलं. चौथा कागद वाचायचा राहिला, कारण भाऊ त्यांच्या स्वतःच्या नेहमीच्या प्रश्नांवर आले होते. ते तीनच होते: सुरू झालं का, किती झालं, आणि अजून का नाही झालं.

गड्याला सुरुवातीला कुठलं तरी एक पान दाखवावं लागतं. तानाजीला एकच पान ठाऊक होतं. पुण्याच्या एका विवाह मंडळाच्या वेबसाईटवर महिपतरावांनी भाच्याकडून शेवंतीचं नाव टाकून घेतलं होतं. तानाजीने ते उघडलं, फोटोकडे डोळे भरून एकदा बघितलं, कान लाल झाल्यावर खिडकी मिटली आणि गड्याला तिथूनच सोडला.

आता त्या पानाच्या तळाशी एक आकडा होता: हे स्थळ आजवर इतक्या वेळा पाहिलं गेलं. गडी एकदा जाऊन आला की आकडा एकाने वाढे. आकडा वाढला की पान बदलल्यासारखं होई. गडी म्हणे, हे तर नवीन दिसतंय, आणि पुन्हा आत जाई. पुन्हा आकडा वाढे. बाकी मुलींच्या पानांकडे जायला त्याला सवडच मिळाली नाही. 'गडी एकाच पानावर घुटमळत असेल तर काय करावं' हा प्रश्न चौथ्या कागदावर होता.

ठाकुर्लीत महिपतरावांना भाचा सांगत आला, "मामा, आपल्या शेवंतीला पाच हजार लोकांनी बघितलं."

महिपतराव त्याच्याबरोबर सायबर कॅफेत गेले. आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होता. ते घरी आले ते वेगळेच माणूस होऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडा दाखवायला शेजारचे दोघे नेले.

"आता अमेरिकेत सकाळ झाली असणार," ते घड्याळ बघून म्हणाले. "चहा घेता घेता बघत असतील."

रविवारी मनुबाईचा फोन वाजला. रंगूबाई धावत गेल्या.

"जरा थांबावं लागेल," महिपतराव म्हणाले. "परदेशातून फार विचारणा आहे. तुमच्या मुलाचं नाव यादीत ठेवलंय. बऱ्यापैकी वर आहे."

रंगूबाईंनी रिसिव्हर खाली ठेवला आणि तिथेच पाटावर बसल्या. तानाजी जेवला नाही. मनुबाईने तळलेल्या मांदेलीचं ताट तसंच परत नेलं.

डोंबिवलीत भाऊंचं वेगळंच चाललं होतं.

"किती झालं?"

"भाऊ, चाळीस हजारांच्या वर गेलं."

भाऊंनी स्टेशनबाहेर कापडी फलक लावला: 'पन्नास हजार स्थळं, एकाच छताखाली.' दुसऱ्या दिवशी मुलांच्या आया रांगेने आल्या. भाऊंनी गड्याने आणलेला माल स्वतः उघडला. पहिली शेवंती, ठाकुर्ली. दुसरी शेवंती, ठाकुर्ली. दहावी, शंभरावी, सगळ्यांची उंची पाच फूट दोन इंच, सगळ्यांना भरतकामाची आवड.

"तानाजी, ह्या सगळ्या एकाच गावच्या कशा रे?"

तानाजीला घाम फुटला. त्याने गडी बंद केला. पण भाऊ डगमगले नाहीत. समोर बसलेल्या बाईंना त्यांनी शेवंती दाखवली. पुढच्या बाईंनाही शेवंतीच दाखवली. "तुमच्या मुलासाठी खास निवडलीय," असं प्रत्येकीला सांगितलं. त्या आठवड्यात ठाकुर्लीला महिपतरावांच्या ओटीवर चपला मावेनात, आणि महिपतरावांचा पाय जमिनीला लागेना.

मग एका सकाळी मनुबाईचा फोन पुन्हा वाजला.

"नमस्कार. तानाजी आहेत का? की आपण मनुबाई?"

"मीच. तानाजी कामाला गेलाय. कोन तुमी? ठाकुर्लीवाले काय?"

"मी पुण्याहून बोलतोय, विवाह मंडळाच्या वेबसाईटचा चालक. आपल्या तानाजींनी आमच्याकडे कहर मांडला होता."

"आमच्या तान्याने? तो वर मान करून भाजीवाल्याशी बोलत नाय."

"अहो, एकाच मुलीचं पान सारखं उघडत होते. शेवंती, ठाकुर्ली. पन्नास हजार वेळा!"

"एकच पोरगी? दुसरी नाय बघितली?"

"दुसरी एकही नाही."

"मग बरा हाय की! आजकालची पोरं एका दिसात दहा बघतात नि अकरावीला नावं ठेवतात."

"बाई, आमचं मशीन बंद पडलं त्यापायी! आणि तसं ते स्वतः नव्हे, त्यांनी सोडलेला एक प्रोग्रॅम..."

"त्यो पोग्राम मना सांगू नका. तुमी जरा तुमचा नंबर द्या," असं म्हणून मनुबाईने नंबर तेवढा पाठ केला, पदर खोचला आणि मासळीची पाटी घरातच ठेवून ठाकुर्ली गाठली.

महिपतरावांकडे तीन मुलांकडची माणसं बसली होती. महिपतराव त्यांना आकड्याचं सांगत होते.

"पन्नास हजार लोकांनी बघितलंय आमच्या मुलीला. अमेरिका, लंडन, दुबई."

"कुटली अमेरिका?" मनुबाई दारातूनच ओरडली. "कोपरी!"

"आपण कोण?"

"मी मनुबाई, तानाजीची शेजारीन. भाऊराया, पन्नास हजार मानसांनी नाय बघितला. एका मानसाने पन्नास हजार वेळा बघितलाय. आमच्या तान्याने! हा घ्या पुण्याचा नंबर, इचारा."

महिपतराव कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. पुण्याचा चालक रागात होता, त्याने प्रोग्रॅमचं काही समजावून दिलं नाही. नाव, नंबर आणि आकडा तेवढा सांगितला. महिपतराव परत आले तेव्हा टायरमधली हवा काढल्यासारखे दिसत होते. तीन मुलांकडची माणसं एकमेकांकडे बघून उठली, कारण तिघांनाही भाऊंनी 'खास तुमच्यासाठी' असं सांगितल्याचं तोवर बोलण्यात निघालं होतं.

"म्हणजे दुसरं कुणीच नव्हतं?" महिपतरावांनी हळूच विचारलं.

"दुबईचा एकसुद्धा नाय," मनुबाई म्हणाली.

आतून शेवंती बाहेर आली. तिने मनुबाईला पाणी दिलं. "खरंच सगळं त्यांनी एकट्यांनी बघितलं?"

"होय ग बाय."

"बाबा," शेवंती म्हणाली, "माझ्याकडे ज्याने बघितलंच नाही असं मला वाटलं होतं, तो हाच. फोन करा त्यांना."

"कशाला फोन?" मनुबाई म्हणाली. "फोनवाली हितंच बसलीय."

साखरपुड्याच्या दिवशी शेवंतीने तानाजीला गाठलं. "एवढं बघायचं होतं, तर त्या दिवशी मान वर का नाही केलीत?"

तानाजी खरं बोलणारा मुलगा होता. त्याने सांगायला तोंड उघडलं. मग तिच्याकडे, म्हणजे तिच्या पायांकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

भाऊंनी फलक उतरवून त्याच कापडाच्या मागच्या बाजूवर पेजर दुरुस्तीची जाहिरात रंगवली. तानाजीला पुढे ठाण्यात चांगली नोकरी लागली. शेवंती आल्यागेल्याला तो आकडा सांगत असे आणि तानाजी संगणकातून डोकं न काढता हूं म्हणत असे. तिने नवं पातळ नेसून समोर उभं राहावं, त्याने "बघितलं, बघितलं," म्हणावं, आणि तिने ते त्या पन्नास हजारांतून वळतं करून घ्यावं.

महिपतरावांनी मात्र ठाकुर्लीत कोपरीचं नाव कधी काढलं नाही. शेजाऱ्यांनी विचारलं की ते म्हणत, अमेरिकेचं जवळजवळ ठरलं होतं, पण मुलगी लांब द्यायला जीव झाला नाही. ते दोन हजार सहाच्या पौषात, ठाकुर्लीच्या राहत्या घरी वारले. मनुबाई त्याच वर्षी श्रावणात गेली.