मुंगीच्या मागची भाऊबीज

"ज्याला फ्लॅश निवडता आला, त्याला जगात काहीही निवडता येतं!" असं सुबोध राणे छाती फुगवून म्हणाला, तेव्हा त्याची बायको श्रुतिका कणीक मळता मळता म्हणाली, "खरंय. मी तुला निवडलं तेव्हा मला फ्लॅशमधलं काही कळत नव्हतं."

सुबोधनं तिकडे दुर्लक्ष केलं. अंधेरीच्या विमा कंपनीतली नोकरी तो पोटासाठी करायचा. जगायचा मात्र किड्यांसाठी! कोळी, मुंगी, तुडतुडा, जे काही नखाएवढं असेल त्याचा हा माणूस ताटाएवढा फोटो काढायचा. अडचण एकच होती. कॅमेऱ्यावरच्या इवल्या फ्लॅशनं लेन्सची सावली मुंगीवर पडायची आणि फोटोत मुंगीच्या जागी नुसता डाग दिसायचा. म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला ठेवायला हवा, आणि तो परवडायलाही हवा.

पुढचे सहा आठवडे त्यानं तीन फ्लॅशांची तुलना एका वहीत केली. "अरे, एवढा अभ्यास दहावीला केला असतास ना, तर आज बोरिवलीत टू-बीएचके असता!" असं श्रुतिका म्हणायची. शेवटी मालाडच्या दुकानात त्यानं सगळ्यात स्वस्तातला उचलला. त्याला रिमोट नव्हता, पण एक डोळा होता. समोर कुठलाही फ्लॅश चमकला की तो डोळा बघणार आणि हाही चमकणार!

दुकानदारानं सांगून पाहिलं, "साहेब, थोडे जास्त जातील, पण रिमोटवाला घ्या. हा कुणाच्याही इशाऱ्यावर उडतो."

"माझ्या घरात दुसरं कोण फ्लॅश उडवणार आहे?" सुबोध हसून म्हणाला. हे वाक्य तो अजून विसरलेला नाही.

घरी आल्यावर त्यानं वडिलांना, राजारामबापूंना, फ्लॅशची खुबी समजावून दिली. "बाबा, याचा उजेड फक्त मुंगीवर पडतो. मागचं सगळं गायब! मिट्ट काळोख. मुंगीशिवाय काही दिसतच नाही!"

"आणि मागे काय चांगलां आसला तर?" बापूंनी विचारलं.

"मुंगीपेक्षा चांगलं काय असणार?" सुबोध म्हणाला.

त्या दिवाळीला बापूंची थोरली बहीण, मालनआत्या, बोरिवलीला सुबोधच्या घरी होती. बापू अठ्ठ्याहत्तर, आत्या ब्याऐंशीची. बापू गिरणीत लागले ते मुंबईचेच झाले आणि आत्या गावीच राहिली. बापूंच्या गुडघ्यांनी आता कोकणची वाट सोडली होती, त्यामुळे भाऊबीज गेली सहा वर्षं फोनवर व्हायची. यंदा आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली. महिनाभरापूर्वी पट्टी सुटली, तेव्हा तिनं भावाकडे एकटक पाहिलं आणि म्हणाली, "राजा, तू म्हातारो कधी झालंस रे?"

तिची एकच इच्छा होती. गावच्या घरात आई-बापाच्या तसबिरीशेजारी भावाबहिणीचा एक फोटो लावायचा. "पण डोळे उघडे व्हये हां! माझ्या सगळ्या फोटवांत डोळे मेलेले. आता नवीन डोळे इलेसत, तर दिसाक नको?"

घरात कॅमेरा आणि कॅमेरेवाला, दोन्ही हजर! पण सुबोध म्हणाला, "माणसांचे फोटो कुणीही काढतं." तेव्हा श्रुतिकानं खालच्या गल्लीतल्या सिद्धेशला बोलावलं. सिद्धेशचं पासपोर्ट फोटोचं दुकान होतं आणि भाऊबीजेच्या दिवशी त्याला वेळ होता फक्त बारा ते एक. एकला त्याची स्वतःची बहीण कांदिवलीला ताट घेऊन बसणार होती. आत्याची गावची बसही त्याच दिवशी साडेतीनची होती. भातकापणी खोळंबली होती, आणखी थांबायला ती तयार नव्हती.

भाऊबीजेच्या सकाळी बहीणभाऊ सोफ्यावर लहानपणीच्या गोष्टी काढून खदाखदा हसत बसले होते. त्यांच्या पुढ्यातल्या टीपॉयवर फराळाचं ताट, आणि त्यातल्या शंकरपाळ्यावर एक मुंगी! सुबोधच्या अंगावर काटा आला. त्यानं नवा फ्लॅश टीव्हीशेजारी ठेवला, तोंड बरोबर टीपॉयकडे केलं, गुडघे टेकले आणि एकामागून एक असे दोनशे फोटो ठोकले!

"आमचोय एक काढ रे," आत्या म्हणाली.

"सिद्धेश येतोय ना आत्ये! हलू नका, मुंगी पळेल."

मग कॅमेरा घेऊन तो बेडरूममध्ये गेला. "दोन मिनिटांत आलो," असं सांगून त्यानं लॅपटॉप उघडला, कानात गाणी घातली आणि मुंगीच्या मिशांवरचे केस मोजायला लागला. फ्लॅश बंद करायचा राहिला. तो टीव्हीशेजारी डोळा उघडा ठेवून बसला होता.

बाहेर श्रुतिकानं टीपॉय भिंतीला सरकवला, त्या जागी दोन खुर्च्या मांडल्या आणि भोवती रांगोळी काढली. आत्यानं बापूंना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग दोघं शेजारी बसले. सिद्धेश टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. "आजी, काका, इकडे बघा! स्माईल!"

सिद्धेशचा फ्लॅश शहाणा होता. उजेड मापायला तो आधी बारीक चमकायचा आणि मग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मोठ्यानं चमकायचा. पण त्या पहिल्या बारीक चमकेलाच टीव्हीशेजारचा डोळा जागा झाला आणि म्हाताऱ्यांच्या तोंडावर फाडकन उजेड! दोघांनी गपकन डोळे मिटले आणि सिद्धेशचा खरा फोटो निघाला तो मिटलेल्या डोळ्यांचा.

"आजी, डोळे उघडे ठेवा ना!"

"ठेयतंय रे! पण माका दोन दोन दिसता!"

"काय दोन?"

"तुझी लाईट! एक तुझ्याकडसून, एक तुझ्या मागसून!"

सिद्धेशनं मागे वळून पाहिलं. तिथे टीव्ही, रिमोट, फुलदाणी आणि सुबोधचं काहीतरी सामान. उजेड वगैरे काही नाही. त्यानं पुन्हा पुन्हा, वीसेक फोटो काढले. दर वेळी डोळे बंद, दर वेळी दोन!

ऑपरेशन होऊन महिना झालेल्या बाईला एकाचे दोन दिसतात! आत्याचा चेहरा उतरला. "गेलो माझो डोळो. फुकट गेलो!"

"बाय, घाबरू नको," बापू म्हणाले. "माकाय दोनच दिसतत."

यानं धीर यायचा तो आलाच नाही. श्रुतिका किंचाळली, "बाबा, तुमची शुगर वाढली!" आणि बापूंच्या हातातली करंजी, जिला त्यांनी अजून दातही लावला नव्हता, तिनं काढून घेतली.

डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर स्वतःच ओवाळून घ्यायला ठाण्याला गेले होते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, "बोटं किती दिसतात विचारा." सिद्धेशनं तीन बोटं धरली. "तीन," आत्या बरोबर बोलली. त्यानं फ्लॅश उडवला. "दोन!" बाई म्हणाल्या, "अशी केस मी ऐकलेली नाही. थेंब घाला आणि उद्या आणा."

"उद्या? माझी आज गाडी आसा!" आत्या रडायलाच लागली. श्रुतिकानं दोघांच्याही डोळ्यांत थेंब घातले.

तेवढ्यात शेजारच्या शकुमावशी आल्या. आत्याकडे एकच नजर टाकून त्यांनी निकाल दिला. "दृष्ट लागलीय! एवढ्या वर्षांनी भाऊबहीण भेटले, लोकांना बघवत नाही." मीठ-मिरच्या आणल्या, दोघांवरून उतरवल्या आणि थेट गॅसवर टाकल्या. मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये मूठभर मिरच्या! सिद्धेश खोकत गॅलरीत पळाला. श्रुतिका ओढणीनं तोंड झाकून पंख्याचं बटण शोधत होती. बहीणभावांच्या डोळ्यांना धारा लागल्या.

तो ठसका बेडरूममध्ये पोचला, तेव्हा कुठे सुबोध कान मोकळे करून, खोकत दाराशी आला. नेमका त्याच क्षणी सिद्धेश परत येऊन म्हणाला, "आजी, शेवटचं बघू. किती दिसतात?" आणि त्यानं फ्लॅश उडवला.

सुबोधला टीव्ही समोरून दिसत होता. त्याला दोन दिसले.

तेव्हाच ओरडून सांगायला हवं होतं. पण समोर रडणारी आत्या, डाफरणारी बायको, आणि सहा आठवड्यांची ती वही! तो भिंतीच्या कडेकडेनं गेला, तापलेला फ्लॅश हळूच बंद केला आणि खिशात घातला.

"परत मार," बापू म्हणाले.

सिद्धेशनं उडवला. "एकच!" आत्या ओरडली. "राजा, एकच दिसता रे!"

"बघितलंत?" शकुमावशींनी कमरेवर हात ठेवले. "दृष्टच होती!"

सगळ्यांनी मावशींचे आभार मानले. सुबोधनंही मानले! याहून खाली माणूस काय जाणार?

सिद्धेशनं घाईघाईनं आणखी चार फोटो काढले, पण मिरचीनं आणि थेंबांनी चार डोळ्यांपैकी एकही उघडायला तयार नव्हता. घड्याळात एक वाजून गेला आणि सिद्धेश कांदिवलीला पळाला. मोबाईलनं काढून पाहिलं, तर दोघं कुणाच्या तरी मयताला बसल्यासारखी दिसत होती.

"आत्ये, परत एकदा ओवाळतेस? डोळे शांत झाले की मी काढतो," सुबोध चाचरत म्हणाला.

"एकदा ओवाळलां काय ओवाळलां. भाऊ काय गणपती आसा, सकाळ-संध्याकाळ आरती करूक?" आत्या काळा चष्मा लावत म्हणाली. बापू गुडघ्यांमुळे दारापर्यंतच आले. तिनं त्यांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि निघाली.

सुबोध तिला रिक्षानं बसवर सोडायला निघाला. वाटेत ती हळूच म्हणाली, "सुबोधा, दृष्ट नव्हती तर? गावाक गेल्यावर परत दोन दिसले तर मी कोणाक सांगू?"

तेव्हा सुबोधला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. मुंगी, डोळेवाला फ्लॅश, खिशात घालून ठेवलेलं पाप.

आत्यानं चष्मा काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे माझो डोळो बरो आसा?"

"एकदम बरा, आत्ये."

"मेल्या!" ती हसली, पण अर्धंच. "तेव्हाच सांगलं असतंस, तर राजाक एक करंजी तरी गावली असती."

"पुढच्या भाऊबीजेला मी स्वतः काढतो. नक्की!"

"काढ हां. आमी दोघांव आसलंव तर," आत्या सहज म्हणाली, आणि पिशव्या मोजायला लागली.

सुबोध घरी आला. श्रुतिकाला सांगितलं. तिनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग त्यानं स्वतःच्या हातानं बापूंना करंजी नेऊन दिली आणि सिद्धेशनं पाठवलेले फोटो उघडले. एकतीस फोटो. मिटलेल्या म्हाताऱ्या डोळ्यांचे बासष्ट जोड!

शेवटी त्यानं आपला कॅमेरा उघडला. सकाळच्या फोटोंतला एक अप्रतिम होता. शंकरपाळ्याच्या कडेवर मुंगी, अंगावरचा केस न् केस स्पष्ट, आणि दोन्ही डोळे टक्क उघडे. मुंगीला पापण्याच नसतात, ती मिटणार काय? त्या घरात त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी फोटोत आलेली ती एकटीच.

बापू करंजी खात मागे येऊन उभे राहिले. "बरो इलो हा. सकाळचो मां? आमी सोफ्यार बसलेलंव तेव्हाचो?"

"हो."

"आणि आमी खंय?"

सुबोधनं मुंगीच्या मागच्या मिट्ट काळोखावर बोट ठेवलं. "इथे. तुम्ही इथे होतात आणि आत्या इथे. दोघं हसत होतात."

बापूंनी चष्मा वर केला, खाली केला, पार पडद्याला नाक लावलं. "आमी तर दिसनंव नाय!"

"नाही दिसणार, बाबा," सुबोध म्हणाला. "फ्लॅश चांगला निघाला."