घंटेला बांधलेला टॉवेल

आमच्या गावच्या देवळातली घंटा दोन वर्षं वाजली नाही. चोरीला गेली नव्हती की तडकली नव्हती. जागच्या जागी टांगलेली होती, फक्त तिच्या आतल्या लोलकाला धाकू घाडींनी जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळून वर सुतळीनं करकचून बांधला होता. सवयीनं कुणी हात वर करून घंटा हलवली की ‘फद्’ असा आवाज यायचा आणि कोपऱ्यातून धाकूकाका ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, “हळू रे! चेडू अभ्यास करता.”

हे चेडू म्हणजे त्यांची मुलगी मयू. आमची वाडी कसालच्या बाजारापासून बरीच आत, सखल भागात. तिथं मोबाइलला रेंज मिळेल तर शपथ. देऊळ मात्र उंचावर, सड्याच्या म्हणजे कातळपठाराच्या कडेला. सभामंडपाच्या उजव्या खांबाशी बसलं की रेंज अगदी झकास. देशातल्या ज्या मोजक्या इंजिनियरिंग कॉलेजांत शिरायला सगळा मुलूख धडपडतो, त्यातल्या एकात मयूला जायचं होतं. तिच्याबरोबरीची मुलं क्लाससाठी कोल्हापूर, पुणं गाठून बसली होती. मयू खांबाला टेकून मोबाइलवर शिकायची. मी घाडींची शेजारीण, शिवाय तालुक्याला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे गणित अडलं की मयू माझ्याकडे यायची आणि काही अडलेलं नसलं तरी धाकूकाका यायचे.

मयूची आई ती बालवाडीत असतानाच गेली. तेव्हापासून त्या घरात ही दोनच माणसं. मयूची निवड झाली तर काका एकटे पडणार, हे अख्ख्या वाडीला दिसत होतं. काकांनी तो विषय कधी काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

धाकूकाका गावचे घाडी, म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. लग्न असो, नवी विहीर असो की हरवलेली म्हैस असो, गाऱ्हाणं घालायला काकाच लागतात. देवापुढं उभं राहून खड्या आवाजात सगळी हकीकत सांगायची, मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. जमलेले म्हणाले नाहीत तर मागणं पुढं सरकतच नाही. रोज संध्याकाळी दिवा लावताना देवळात तिसरं कुणी नसायचं, तेव्हा हे खातं मयूकडे असे. एका कानात इयरफोन, नजर मोबाइलवर, आणि तोंडानं ‘व्हय म्हाराजा’. प्रमेय फारच गुंतागुंतीचं असलं तर ती म्हणे, “बाबा, वायच थांबा.” मग काकाही थांबत आणि देवही थांबत असावा.

मी साताऱ्याकडून लग्न होऊन इथं आले. इतकी वर्षं झाली तरी ते ‘व्हय म्हाराजा’ काही माझ्या तोंडून निघत नसे. चारचौघांत ओरडायचं म्हणजे मला लाज वाटे. मी हात जोडून नुसते ओठ हलवी.

काकांचं दुसरं खातं कौलाचं. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावासाठी कौल लावायचाच, पण काका स्वतःसाठीही ऊठसूट लावत. सिमकार्ड बदलायचं ठरलं तेव्हा देवानं डावा दिला, आणि त्या कंपनीचा टॉवर आमच्याकडे अजून यायचाय. पुढं दाढ काढावी का, यावरही डावा आला. गाल सुजून पपनसाएवढा झाला, तरी काकांनी देवाला बोल लावू दिला नाही. “देवाक दाढेतला काय कळता? भलत्याक इचारलंय, चूक माझीच,” असं ते सुजल्या तोंडानं म्हणाले आणि मुकाट्यानं डॉक्टरकडे गेले.

असा हा माणूस, पण मयूच्या कॉलेजचा कौल काय आला म्हणून कुणी विचारलं की घशात खाकरल्यासारखं करून “बघूया, बघूया” म्हणे. मला वाटलं, कौल डावा आला असणार आणि काका तो लपवताहेत.

परीक्षा मात्र त्यांनी मनावर घेतली होती. “कानार घालूक होया” हे त्यांचं पालुपद. म्हणजे देवाच्या कानावर घालायला हवं. एका रविवारी ते माझ्या ओटीवर येऊन बसले.

“बाईनू, ह्या निगेटिव मार्किंग म्हणजे काय, ता माका नीट सांगा. देवाच्या कानार घालूक होया. अर्धवट सांगान उपयोग नाय.”

मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारच्या भरल्या देवळात, काका देवापुढं उभे राहिले. “बा देवा म्हाराजा! बरोबर उत्तराचे जे काय चार गुण आसत, ते तेच्या पदरात घाल रे म्हाराजा! आणि चुकल्या उत्तराक जो कोण एक गुण कापता, तेचो हात वायच धरून ठेव रे म्हाराजा!” भातकापणी अर्धी टाकून आलेली वाडी एका सुरात गरजली, “व्हय म्हाराजा!” मयूनं खांबाआड तोंड लपवलं.

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला आलं आणि काकांची झोप उडाली.

“आमचो देव घाट चढणा नाय,” ते म्हणाले. “थयसर सगळी जबाबदारी दुसऱ्याची.”

आमच्याकडे प्रत्येक जागेला तिचा अदृश्य राखणदार असतो. त्याच्या हद्दीत शिरताना नारळ ठेवून आपलं माणूस त्याच्या हवाली करायचं, ही रीत. तेव्हा मयूकडे पेन आणि हॉल तिकीट, मी सोबतीला, आणि काकांकडे नारळांची पिशवी, असे आम्ही एसटीत बसलो. पहिला नारळ गावच्या शिवेवर, दुसरा घाटमाथ्यावर. ड्रायव्हर दोडामार्गचा, म्हणजे आमच्याच बाजूचा निघाला. त्यानं काही न विचारता गाडी थांबवली आणि खाली उतरून स्वतःही हात जोडले. शेवटचा नारळ केंद्राच्या फाटकापाशी निघाला.

“ओ मामा, नारळ आत न्यायचा न्हाई,” फाटकावरचा वॉचमन ओरडला.

“आत व्हरूचो नाय. हयच ठेवूचो आसा. हयसर राखणेक कोण आसा?”

“मीच हाय की!”

“तुमी नाय. तुमच्या आधीचो.”

वॉचमननं मागं वळून पाहिलं. मयू तेवढ्यात सटकून आत गेली. काकांनी भिंतीच्या कडेला नारळ ठेवला आणि भर रस्त्यावर गाऱ्हाणं सुरू केलं. बाहेर ताटकळणारे आईबाप आधी टकमक बघत राहिले. मग काका म्हणाले, “ह्या भिंतीच्या आत जी काय लेकरां गेली हत, कोणाचीय असांदेत, तेंका येळेर सगळा आठवांदे रे म्हाराजा!” तेव्हा टाय लावलेले एक गृहस्थ हळूच “होय महाराजा” म्हणाले. पुढच्या वाक्याला पंचवीस-तीस जण होते. वॉचमननं टोपी काढली होती. मी नेहमीसारखे ओठ हलवले.

मयूची निवड झाली. कॉलेज मिळालं ते पार उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याला. काकांनी वाडीभर गुळात घोळलेलं खाजं वाटलं. कुडाळ स्टेशनवर तिला निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो. धावत्या गाडीचा राखणदार कोण, हे काही काकांना उमगेना. शेवटी नारळ त्यांनी टीसीच्या हातात ठेवला. “चेडवाक बघा हां, सायबानू,” एवढंच म्हणाले. गाडी दिसेनाशी झाली तरी ते रुळांकडे बघत राहिले, आणि मग मलाच म्हणाले, “चला, बाईनू, उशीर झालो.”

त्यानंतर महिन्याभरानं मी देवळात गेले. घंटा हलवली. फद्! टॉवेल तसाच. धाकूकाका उजव्या खांबाशी, मयूच्या जागेवर, मोबाइल मांडीवर घेऊन बसले होते.

“काका, आता तरी सोडा की तो टॉवेल.”

“चेडवाचो फोन येता मा हय. घंटा वाजली तर अर्धा आयकाक येणा नाय.”

मी त्यांच्या शेजारी टेकले. “एक विचारू? मयूच्या कॉलेजचा कौल डावा आला होता ना?”

“कौल इचारूकच नाय मिया,” ते म्हणाले.

“तुम्ही? दाढेचा विचारलात आणि हा नाही?”

काकांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. “देव माका ल्हानपणापासून वळाखता, बाईनू. तोंडान मागतंय ता तेका आयकाक येता, तसा मनातला पण दिसता. आणि माझ्या मनात एकच होता, चेडू हयच रवांदे. माझ्यार माया करून तेणा डावो दिल्यान असतो तर? मगे माका चेडवाक थांबवचाच लागला असता. म्हणान इचारलंयच नाय.”

तेवढ्यात दिवेलागण झाली म्हणून काका उठले, त्यांनी समई लावली आणि देवापुढं उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा! जा काय चेडू परमुलखात गेला हा, तेका थयची थंडी सोसांदे, मेसचा जा काय जेवाण आसात ता गोड लागांदे रे म्हाराजा!”

आणि थांबले. सवयीनं त्यांची मान खांबाकडे वळली. तिथं मी बसले होते.

“व्हय म्हाराजा!” मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

काकांनी मान परत देवाकडे केली आणि हात नीट जोडले. “आणि म्हाराजा, हयसर जो कोण मागे रवलो हा, तेका...”

पुढचं काही येईना. मी वाट पाहिली. समईची ज्योत हलत होती, काकांची पाठही हलत होती. वाक्य पुरं झालं नव्हतं, तरी मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”