सुमनताईंचा थोरला आणि धाकटा

सुमनताई लघाटे दुकानात शिरल्या की दुकानदार आधी पंखा वाढवतो आणि मग स्टूल पुढे करतो, कारण त्या लवकर जाणार नसतात. सदर बाजारातलं हे दुकान व्हिडिओ गेमचं आहे आणि सुमनताई सत्तरीला टेकलेल्या आहेत. तिथे येणारी पोरं डब्यावरचं चित्र बघतात. सुमनताई डबा उलटा करतात, चष्मा कपाळावर चढवतात, मागची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि मग म्हणतात, "भैया, कवर का मत बताइए. अंदर का बताइए."

'आतलं सांगा' हे त्यांचं पालुपद. लग्नपत्रिका आली की, "मुहूर्त कळला, आतलं सांगा. पंगत आहे की ताटली धरून उभं राहायचं?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की, "नाव राहू द्या, आतलं सांगा." मी नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याहून झाशीला आलो आणि त्यांच्या शेजारी राहायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडून प्रश्न आला, "जोशी हे नाव पाटीवर वाचलं. आतलं सांगा. स्वयंपाक येतो का?" येत नव्हता. त्या दिवशीचं वरण त्यांच्याकडून आलं.

लघाटे मंडळी झाशीत कित्येक पिढ्यांची. त्यामुळे सुमनताई कपाटाला अजून फडताळ म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात "ज़रा सुनिए तो" म्हणून मोकळ्या होतात. बँकेतून निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा हैदराबादला गेला. जाताना तो टीव्हीला जोडायचा गेमचा खोका मागे ठेवून गेला. विजेचं मीटर चालू आणि वस्तू बंद हे त्यांना सहन होईना, म्हणून त्यांनी तो लावला आणि त्यात शेती सुरू केली. वांगी, मिरच्या, एक आळशी बैल. दुपारचा चहा झाला की त्या शेतावर जात.

एके दिवशी त्या मला, "इंजिनियर आहात, चला," म्हणत त्या दुकानात घेऊन गेल्या. काउंटरवर त्यांच्या त्याच शेतीच्या गेमचे दोन डबे होते. एक त्यांच्या घरच्या खोक्याचा, त्याला त्या थोरला म्हणत. दुसरा हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्राचा, तो धाकटा. शेत तेच, बैल तोच, पण धाकट्याचा डबा महाग. शिवाय त्याच्या पाठीवर लिहिलेलं, की बाकीचा गेम नेटवरून उतरवून घ्यावा लागेल.

"छोटं यंत्र, छोटा डबा, अर्धा माल, आणि भाव जास्त?" सुमनताई म्हणाल्या. "हा कुठला न्याय?"

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला.

"ताई, थोरल्याची तबकडी असते. ती छापायला फार खर्च येत नाही आणि तिच्यात भरपूर मावतं. धाकट्याला तबकडी चालत नाही, त्याला चिप असलेलं कार्ड लागतं. जितकं जास्त मावणारं कार्ड, तितकं ते महाग. मग गेम काढणारे लहान कार्ड घेतात, मावेल तेवढं त्यात भरतात आणि उरलेलं नेटवर ठेवतात."

"म्हणजे धाकट्याची पाटी महाग. म्हणून तिच्यावर अर्धाच धडा लिहून पाठवतात, आणि उरलेला आपण शाळेत जाऊन उतरवायचा."

"अगदी तसंच."

"कभी-कभी तो पाटी भी कोरी होती है, माताजी," दुकानदाराला उत्साह आला. "डब्बे में सिर्फ़ चाबी. पूरा का पूरा डाउनलोड."

ही माहिती त्याने द्यायला नको होती. सुमनताईंनी मांडणीतले सगळे डबे खाली काढायला लावले आणि त्यांची कोरे, अर्धे आणि भरलेले अशी वर्गवारी केली. मग नेटवरच्या दुकानाचा विषय निघाला. तिथे दर यंत्राचं दुकान वेगळं, सूट वेगळ्या वेळी, म्हणून भावही वेगळे, हे मी सांगितलं. "म्हणजे एकाच गावात दोन मंडया," असं म्हणून त्यांनी तेही निकालात काढलं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली होती. एक फौजी बबीनाच्या छावणीतून मुलीसाठी गेम घ्यायला आला होता, त्याला त्यांनी हातातला डबा परत ठेवायला लावून भरलेला घ्यायला लावला.

एवढं भांडून त्यांनी धाकट्याचा महाग, अर्धा डबाच विकत घेतला.

"तुमच्याकडे तर थोरला आहे," मी रिक्षात म्हणालो.

"धाकटा नंदाकडे आहे."

नंदा त्यांची धाकटी बहीण, झाशीजवळच्या मऊरानीपुरात दिलेली. सासर धान्याच्या व्यापाऱ्यांचं, बुंदेली बोलणारं, माणसांनी भरलेलं. नातू परीक्षेच्या तयारीला कोट्याला गेला तेव्हा घरच्यांनी त्याच्या हातातून धाकटा काढून घेतला होता. तो नंदाताईंनी मागून घेतला.

डबा मऊरानीपुरात पोचला आणि तिथेच अडला. नंदाताईंच्या घरचं नेट खेळण्यापुरतं होतं, पण एवढं मोठं ओझं उतरवणं त्याला झेपेना. पट्टी जरा पुढे सरकायची आणि थांबायची. सुमनताई सकाळच्या बसने गेल्या आणि धाकट्याला पंच्यात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात घालून झाशीला घेऊन आल्या. आपल्या घरच्या नेटवर लावला. त्यात जागा पुरेना, म्हणून नातवाच्या मोटारींचे गेम काढायचे का, हे विचारायला कोट्याला फोन झाला. तो बिचारा "दादी, सेव मत उड़ाना", म्हणजे आजवर खेळलेलं पुसू नका, एवढंच म्हणाला. शेवटी जागा वाढवायचं वेगळं कार्ड आणलं. गेम उतरेपर्यंत सुमनताई आजारी माणसाजवळ बसावं तशा खुर्ची ओढून बसून होत्या. उतरल्यावर पुन्हा पंचा, पुन्हा डबा, पुन्हा बस.

"ताई, एवढी यातायात एका गेमसाठी?" मी न राहवून विचारलं. "बहिणीला फोन करा की रोज."

"करते ना. 'जेवलीस?' 'जेवले.' 'बरी आहेस?' 'बरी आहे.' झालं, ठेवला. बोलण्यासाठी म्हणून बोलायला बसलं की काही सुचत नाही, जोशीजी. हात कशात तरी गुंतलेले लागतात."

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांची शिडी परत करायला गेलो. दुपारची वेळ होती, दार उघडंच होतं. सुमनताई कानाला हेडफोन लावून टीव्हीसमोर बसल्या होत्या. बहिणीचा आवाज हेडफोनमधून नाही, टीव्हीतूनच येत होता. कुठलं बटण दाबायचं राहिलं असावं. पडद्यावर टोपी घातलेल्या दोन बायका, एक थोरल्यातली आणि एक नेटवरून आलेली धाकट्यातली, बांधावर शेजारी शेजारी उभ्या होत्या. वांगी सुकली होती. बैल कुठे दिसत नव्हता. दोघींनाही त्याचं काही नव्हतं.

"अगं सुमा," टीव्हीतून नंदाताई विचारत होत्या, "वो तांदूळ धुवायचं असतं ना, बांबूचं, पाणी गळून जातं त्यातून. आई काय म्हणायची गं त्याला? सकाळपासून आठवतेय. इथे विचारू कोणाला?"

"रोवळी."

"रोवळी!" नंदाताई हसल्या. मग पुन्हा, हळूच, तोंडात घोळवून बघावा तसा तो शब्द म्हणाल्या, "रोवळी."

मी शिडी भिंतीला टेकवली.

"सुमा," टीव्ही म्हणाला, "अजून एखादा सांग ना."