फितीनं मोजलेली पुस्तकं

“नाही, तूच सांग! पुस्तकं कोणी पाठवली? मी? मी औषधाच्या बाटलीवरचं कधी वाचलं नाही, आणि खापर माझ्या डोक्यावर?”

दवाखान्याच्या व्हरांड्यात मोटारवाला फोन तोंडासमोर धरून ओरडत होता. समोर कोणी नव्हतं. लांब शहरात राहणाऱ्या धाकट्या मेहुण्यासाठी तो आवाजी निरोप भरत होता. मेहुण्याचा निरोप पाच मिनिटांपूर्वी आला होता, “दाजी, बाबांना हसवू नका एवढंच सांगितलं होतं ना?” तेवढ्यानं मोटारवाल्याचं टाळकं सरकलं. (ते तसंही जागेवर फार वेळ नसायचं.)

झालं होतं ते असं.

सासऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वय बहात्तर, टाके अकरा. डॉक्टरीणबाईंनी घरी सोडताना बजावलं, “दहा दिवस जड उचलायचं नाही, खोकायचं नाही आणि जोरात हसायचं नाही. आतले टाके तुटले तर पुन्हा पोट उघडावं लागेल. या वयात दुसऱ्यांदा भूल द्यायला मी तयार नाही.” मोटारवाल्याच्या बायकोनं हे वाक्य पाठ केलं आणि बापाला आपल्या घरी आणलं.

सासरा टपालवाला होता. चौतीस वर्षं त्याच अकरा वाड्यांवर पायी टपाल वाटलं, बारावी वाडी कधी बघितली नाही. म्हणून प्रवासाच्या पुस्तकांचं भारी वेड. पोरानं प्रेमापोटी पाच पुस्तकं खोक्यात घालून पाठवली. पाचही प्रवासाची आणि पाचही विनोदी! आता पोटाला टाके पडलेल्या माणसाला विनोदी पुस्तकं पाठवणाऱ्या पोराला काय म्हणावं? शिकलेला आहे म्हणून गप्प बसायचं, दुसरं काय.

बरं, सासरा स्वतःचा स्वतः वाचत पडला असता. पण तिसऱ्या दिवशी मोटारवाला त्याच्या चष्म्यावर बसला. (“खुर्चीत चष्मा ठेवतात का?” असं वर तोच ओरडला.) नवा चष्मा आठ दिवसांनी मिळणार. म्हातारा एक दिवस भिंतीकडे बघत पडला. दुसऱ्या दिवशी कंटाळून उठला आणि पाण्याची बादली उचलायला निघाला. बायकोनं धावत येऊन बादली हिसकावली.

“चष्मा तुम्ही फोडला, आता वाचून तुम्हीच दाखवा,” ती म्हणाली.

“मी? मी चौथीत शाळा सोडलेला माणूस!”

“मग मी वाचते. तुम्ही स्वयंपाक करा.”

मोटारवाल्यानं खोकं उचललं. “पण हसले म्हणजे?”

“म्हणून तर कमी हसवणारं आधी घ्या. जास्त हसवणारं टाके काढल्यावर.”

“त्यातलं मला काय कळणार? मला तर कशानंच हसू येत नाही.”

“ते माहीत आहे मला. बावीस वर्षं झाली लग्नाला.”

आता मोटारवाला पुस्तकात कच्चा, पण धंद्यात पक्का. विहिरीच्या पंपाची जळालेली मोटार त्यानं नवी तार गुंडाळून भरून दिली की ती पुन्हा जळायची नाही, हे अख्खा तालुका सांगेल. त्याची रीत ठरलेली. नवी भरलेली मोटार एकदम पाण्यात सोडायची नाही. आधी रिकामी फिरवायची, मग थोडा भार, मीटर बघायचं, मग पुढे. म्हातारा म्हणजे नुकतीच भरलेली मोटारच. भार हळूहळू द्यायचा. पण हसण्याचं मीटर आणायचं कुठून?

मीटर शेजारच्या दुकानात बसलं होतं. शिंपी! अंगानं गोल, स्वतःच्या शिंकेलाही हसणारा.

“फीत काढ आणि पोटाला गुंडाळ,” मोटारवाला म्हणाला.

“कोणाच्या?”

“तुझ्या. मी वाचतो, तू ऐक. पोट किती उडतं ते मी बघतो.”

“आणि गिऱ्हाइकाचा झगा?”

“झगा पळून चाललाय का?”

शिंप्यानं फीत गुंडाळली. मोटारवाल्यानं तिच्यावर खडूनं खूण केली, पुस्तक उघडलं आणि एका बोटानं अक्षरं ढकलत ढकलत वाचायला लागला. एक डोळा अक्षरावर, दुसरा फितीवर. त्यामुळे आपण काय वाचतोय याचा त्याला पत्ता नव्हता.

सायकलवरच्या प्रवासाला पोट चार बोटं उडालं. बोटीवरच्याला अडीच. उंटावरच्याला तीन. बर्फातल्या प्रवासाला शिंप्याच्या ओठातली टाचणी समोरच्या आरशावर जाऊन आपटली, ते पुस्तक मोटारवाल्यानं दोरीनं बांधूनच ठेवलं. राहिलं आगगाडीचं. तीन पानं झाली, फीत जागची हलली नाही.

“माणूस पोचला का?” शिंप्यानं जांभई दिली.

“नाही.”

“मग यात हसायचं काय?”

मोटारवाल्यानं पुस्तकावर खडूनं शून्य काढलं. शिंपी फीत सोडत गंभीरपणे म्हणाला, “हेच आधी वाच. जुन्या कापडाला ताण नको. टाका धरून राहतो, पण शेजारचं कापड फाटतं.”

मोटारवाल्यानं आगगाडीचं पुस्तक काखेत मारलं आणि घर गाठलं.

चार वाजता वाचन सुरू झालं. म्हातारा उताणा, पोटावर उशी, उशीवर लेकीचे दोन्ही हात. मोटारवाला खुर्चीत. (आधी खुर्ची चाचपून बघितली.) पण इथं बघायला फीत नव्हती. दोन्ही डोळे पुस्तकात गेले, आणि मोटारवाल्याला जन्मात पहिल्यांदा कळायला लागलं की आपण काय वाचतोय.

लेखक स्टेशनवर दोन तास आधी आला. मग चहा प्यायला गेला. तेवढ्यात गाडी सुटली.

मोटारवाला थांबला.

“अहो, काय झालं?”

“हा कोण आहे?”

“लेखक आहे तो.”

“याला घरचं कोणी विचारणारं नाही का? दोन तास आधी येतो आणि गाडी सोडतो?”

म्हाताऱ्याचे खांदे हलले. बायकोनं दात आवळले. “पुढे वाचा. नुसतं वाचा.”

लेखक धावत जाऊन उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीत बसला.

“अरे, पाटी बघ! गाढवा, पाटी बघ की! एवढी मोठी पाटी असते!” मोटारवाल्यानं पानावर चापट मारली.

“बाबा, हसू नका!”

“मी कुठं हसतोय,” म्हातारा चादरीतून म्हणाला. चादरीचा कोपरा त्यानं तोंडात कोंबला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अहो, बास करा!”

“बास कसं? याची पिशवी त्या टोपीवाल्याच्या हातात चाललीय! नको देऊ... नको देऊ रे... दिली! दिली बघा यानं पिशवी!” मोटारवाला आता उभाच राहिला होता. त्यानं पान उलटलं, आवाज खाली आणला आणि बोट वर करून म्हणाला, “बघा हं. आता हा झोपणार.”

बायकोनं उशीवरचे हात घट्ट केले.

“झोपला!!”

म्हातारा फुटला. चौतीस वर्षांची पायपीट करून साठवलेलं हसू एका दमात बाहेर आलं. उशी उडाली, आणि पाठोपाठ आवाज आला, “आई गं!”

पट्टीवर लाल ठिपका उमटला. बायकोनं गाडीची किल्ली नवऱ्याच्या हातात ठेवली. ओरडली असती तर बरं, असं मोटारवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. दवाखान्यापर्यंत गाडी त्यानं अशी हळू चालवली, की मागच्या बैलगाडीवाल्यानं शिव्या दिल्या आणि यानं ऐकून घेतल्या.

डॉक्टरीणबाई अर्ध्या तासानं बाहेर आल्या. “वरचे दोन गेले. आतले शाबूत आहेत. काय वाचत होता?”

मोटारवाल्यानं पुस्तक दिलं. बाईंनी उभ्याउभ्या तीन पानं वाचली. ओठ हलला नाही. “यात तर हसण्यासारखं काहीच नाही.”

“तेच म्हणतोय मी! मोजून आणलंय बाई, शून्य आहे, वर लिहिलंय!”

बाईंनी खडूचं शून्य बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. मग पुस्तक त्याला परत दिलं आणि चिठ्ठी लिहून बायकोच्या हातात दिली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. पुस्तक चालेल. जावई नको.

तर असा तो व्हरांडा, आणि असा तो मेहुण्याला निरोप. “ऐक! उद्याच्या पहिल्या गाडीनं निघ आणि तूच वाच! आणि पाटी बघून बस! पिशवी कोणाच्या हातात देऊ नकोस! झोपू नकोस!”

आतून खुदकन आवाज आला. मग, “आई गं!”

दार उघडून बायको बाहेर आली. तिनं त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. “फाटकाबाहेर जा. तिथून बोला.”

मोटारवाला फाटकाबाहेर गेला. फोन ओठाला लावला आणि आवाज एकदम खाली आला.

“हे बघ, पुस्तक तुझ्या बहिणीनं काढून घेतलंय. टोपीवाल्यानं पिशवी परत दिली का, ते कळायचं राहिलंय. तू दुकानात जा, तेच पुस्तक काढ, पुढचं वाच आणि मला सांग. उद्या नाही. आत्ता जा.”