सगळे थांबे घेत खाली

आमच्या शेजारच्या श्रीपती कंडक्टरला चहा दिला तर त्याचा कप खाली जाईपर्यंत बघणाऱ्याचा जीव जातो. उचलताना भर्रकन उचलतो. पण घोट घेऊन कप बशीकडं निघाला की तो कळंब्याला थांबतो, इस्पुर्लीला थांबतो, बिद्रीला थांबतो. ओठातल्या ओठात त्याच्या यष्टीच्या थांब्यांची नावं चाललेली असतात. मुदाळ तिट्टा आला की कप टेकतो, आवाज होत नाही. मग माझ्याकडं बघतो. मी शाबास म्हणावं अशी त्याची अपेक्षा. तोवर चहाचं पाणी झालेलं असतं.

जन्मभर तो गारगोटीच्या यष्टीवर कंडक्टर होता. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतो, "मुक्काम गारगोटीला, पोरगी कुठली बघू?" रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर पत्त्याला. हा वजनाला लागला.

गल्लीच्या तोंडाला आमची जुनी तालीम आहे. आखाडा आहे अजून, पण बाजूच्या खोलीत आता लोखंडी मशिनं आलीत आणि भिंतीला आरसे. पोरं आरशात बघत झेपत नाही ते वजन घेतात, कंबर हिसडून वर फेकतात आणि धाडकन सोडून देतात. श्रीपती दारात खुर्ची टाकून बसतो.

"ए बनियनवाल्या, वजन तू उचलतोयस का तुझी कंबर उचलतीया?"

"काका, जड हाय."

"मग हलकं घे. वर विनाथांबा, खाली सगळे थांबे. वजन सोडलंस तर ते सोता आलं खाली. तुझ्या दंडानं काय केलं? फुकट प्रवास."

हा त्याचा सगळा वेद. वर जाताना जोरात जायचं, पण हिसका द्यायचा नाही. खाली येताना मात्र एकेक थांबा घ्यायचा, कारण अंगात ताकद भरते ती म्हणे खाली येताना. एका पोरानं चेष्टेनं इतकं हळू खाली आणलं की बघणारे जांभया द्यायला लागले. तेही ह्याला चाललं नाही. "यष्टी हाय ही, बैलगाडी न्हवं," म्हणाला. पोरं हसायची. मीही हसायचो. मग माझी पाळी आली.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. आम्ही दोघं जमिनीवर बसून जेवायचो. माझ्या पायातलं बळ आधीच गेलेलं. जेवण झालं की मी हात वर करायचा, आणि ती ताटं उचलायच्या आधी मला उचलायची. "उठा, सगळ्यात मोठं भांडं आधी," म्हणायची. ती गेल्यावर किती दिवस जेवण झालं की माझा हात आपला वर. मग आपणच खाली घ्यायचा आणि भिंतीला धरून उठायचं.

एका दुपारी भिंतीला धरूनही उठता येईना. सरपटत दारापर्यंत गेलो आणि हाक मारली. श्रीपती आला. मला उचललं, ते बरं केलं. पण पुण्याला माझ्या पोराला फोन पण केला. ते कुणी सांगितलं होतं?

पोरगं आलं. पोरगं चांगलं आहे, पण हट्टी, आईवर गेलंय. म्हणालं, "आबा, बॅग भरा. एकटं राहायचं न्हाय आता."

मी म्हणालो, "ह्या घरात तुझी आई होती. पुण्याच्या घरात ती कधी आलीच न्हाय. तिथं मी काय करू?"

पोरगं तरी मागं हटलं नाही. शेवटी ठरलं ते असं. दिवाळीला ते येणार. त्याच्यासमोर मी जमिनीवर बसून जेवायचं आणि कुणाचा हात न घेता, काही न धरता उठायचं. उठलो तर इथं राहायचं. नाहीतर पुणं.

दुसऱ्या दिवशी उजाडायला श्रीपती दारात.

"चल की गा. बसायला शिकवतो."

"मला उठायचं नडतंय. बसायला येतंय मला."

"तू बसत न्हाईस, पडतोस. कांद्याचं पोतं टाकल्यागत. खाली जाताना जे पाय तुला धरत न्हाईत, ते वर कसं न्हेतील?"

कॉटवर वाकळा रचल्या आणि मला त्यांच्याकडं पाठ करून उभं केलं. हात छातीशी. कळंबा. मांड्या थरथरायला लागल्या. इस्पुर्ली आली तसा मी धपकन बसलो.

"इस्पुर्लीला गाडी का पळवलीस? उतारू राहिले की."

"उतारू गेले खड्ड्यात."

"तिकीट काढलंय त्यांनी. परत वर ये."

दुसऱ्या दिवशी मला पायरी उतरता येईना. मी त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. तो खूश. "खाली येताना केलेलं जास्त दुखतंय. म्हंजे लागलं म्हणायचं कुठंतरी. आज सुट्टी, उद्या परत." दुखणं कमी झालं की एक वाकळ काढायचा. वाकळा संपल्यावर खुर्ची आली, खुर्ची गेली स्टूल आलं, स्टूल गेलं आणि एक दिवस पाट आला. जरा कुठं एखादी गोष्ट जमली की हा ती माझ्या बुडाखालनं काढून न्यायचा.

बरं, हे घरापुरतं असतं तर सोसलं असतं. गडमुडशिंगीला एका पावण्याच्या घरी दुखवट्याला गेलतो. सतरंजीवर बसायचं होतं. मी वाकलो, तर मागनं संगट आलेल्या श्रीपतीचा आवाज, "बिद्री… बिद्री…" घरातली माणसं उठून उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "बिद्रीची मंडळी आली व्हय? पाणी द्या गं." मी अर्धवट वाकलेला, धड खाली नाही धड वर नाही.

परत येताना यष्टीत त्याला वाट्टेल ते बोललो. "तुला दुसरं काय काम न्हाय का रं?"

"न्हाय," म्हणाला, आणि खिडकीतनं बाहेर बघत बसला.

दिवाळीला पोरगं आलं. श्रीपतीला मी जेवायलाच बोलावलं होतं. आला नाही. काम आहे म्हणाला. ह्याला कसलं काम? इतके दिवस माझ्या मानेवर बसला आणि परीक्षेच्या दिवशी पळाला. मला मनातनं राग आला.

पोरानं ताट वाढलं. मी पाटाशेजारी जमिनीवर बसलो, एकेक गाव घेत, पोराच्या डोळ्यांसमोर. जेवलो. काय जेवलो ते विचारू नका. आणि जेवण झालं तसा माझा हात वर गेला. सवयीनं. पोरगं ते बघून पुढं झालं, त्याचा हात माझ्या हाताला लागायलाच आला होता. मी माझा हात खाली ओढला आणि छातीशी धरला. पाय अंगाखाली घेतले आणि जोर लावला. मध्येच मांड्या थरथरल्या. तिथं थांबलो असतो तर पुण्याला गेलो असतो. थांबलो नाही.

उभा राहिलो तेव्हा पोरानं माझ्याकडं बघितलं नाही. खाली वाकून माझं ताट उचललं आणि मोरीकडं जाता जाता म्हणालं, "राहा मग. पण रोज फोन करायचा."

मी तसाच शेजारी गेलो. श्रीपतीचं दार नुसतं लोटलेलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून कॉटच्या कडेला बसलेला, आणि शेजारी कापडी पिशवी, तोंड सुतळीनं बांधलेली.

"काय झालं?" त्यानं भिंतीला विचारलं.

"ऱ्हातोय."

त्यानं पिशवी मांडीवर ओढली. मी म्हणालो, "पिशवीत काय हाय?"

"भडंग. तुला वाटंत खायला. पुण्याला असलं मिळत न्हाय."

"म्हंजे मला उठता येणार न्हाय असं धरूनच बसलेलास?"

"म्या काय बी धरलं न्हवतं. सकाळपास्नं नुसता बसलोय."

मी खाली बसलो. त्यानं सुतळी सोडली, जमिनीवर पेपर पसरला आणि त्यावर भडंग ओतलं. माझ्या दाढा गेल्यात, शेंगदाणा चावत नाही. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो मान खाली घालून एकेक शेंगदाणा वेचायला लागला. शेंगदाणे आपल्याकडं घेतले, मऊ चुरमुरे माझ्याकडं सरकवले. वेचायचं संपलं तरी त्याची बोटं तिथंच चाचपडत होती.

"पुरे की गा," मी म्हणालो.

"खा गप," म्हणाला.